पिंपातलं पाणी

लष्कराचा जुना ट्रक घेऊन त्यातच घर थाटलेला हा गृहस्थ लेणी, किल्ले बघत फिरायचा. पहूरला माझ्या पंक्चरच्या दुकानात हवा भरायला थांबायचा. बोलणं गोड, पण गाव विचारलं की जिथे चाललाय तिथलंच नाव सांगायचा. लेण्यांकडे जाताना ट्रक हलका असायचा, येताना मागचे टायर दबलेले. मूर्ती तर चोरत नसेल?

एकदा विचारलंच, "भाऊ, काय भरेल शे?"

"झऱ्याचं पाणी, नाना. या, प्या."

आत भलंमोठं पिंप काठोकाठ भरलेलं. त्यानं वरूनच पेला भरून दिला. पाणी गार होतं. तळ दिसत नव्हता.

दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे कोणी हात बुडवत नाही, हे तो चांगलं ओळखून होता.