फुगडीबंदी

नातीच्या धडधाकट हृदयाला मी खुर्चीत बसवून ठेवलं होतं. गाढवपणाच, पण गाढव निदान शास्त्राच्या बाई म्हणून पेन्शन घेत नाही.

नातीला टाइप वन डायबिटीस आहे. नऊ वर्षांची पोर. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून रोज सुया. पनवेलचे डॉक्टर म्हणाले होते, "एकदा टू-डी इको करून घ्या. या मुलांच्या हृदयावर लक्ष ठेवावं लागतं." एवढंच. मी त्याचं 'हृदय खचलंय' करून टाकलं आणि भिसेगावभर सांगत फिरले. सहानुभूती मिळते ना! तेव्हा मला ती फार आवडायची, चहासोबत.

खो-खो बंद. जिन्यावर मी मागे, "हळू गं, हळू!" शेजारच्या नव्या सुनेची मंगळागौर होती. सगळ्या पोरी फुगड्या घालतायत आणि हिला मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. वर काम दिलं, नैवेद्याला मांजर तोंड लावत नाही ना बघ. डायबिटीसच्या पोरीला पुरणपोळ्यांची राखण! ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, किती समंजस! डोंबल.

मग इको झाला. डॉक्टर म्हणाले, "हृदय मस्त पंप करतंय. दोन ठोक्यांच्या मधे ते सैल पडून रक्त भरून घेतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, तर बिघाड बरेचदा तिथे आधी दिसतो. हिचं तेही ठीक आहे. साखर तपासून, खिशात ग्लुकोज ठेवून भरपूर पळू दे. हृदयाला तेच हवंय. पळते ना?"

माझी सून, म्हणजे हिची आई, माझ्याकडे बघायला लागली.

"गुडघ्यांमुळे जमत नाही," मी म्हटलं.

"हिच्या?"

"माझ्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी पंख्याकडे बघत बसले. निवृत्त शास्त्रशिक्षिका!

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत नातीने माझे दोन्ही हात धरले आणि फुगडी सुरू. चार गिरक्यांत माझा पदर कुठे, मी कुठे. "अगं पुरे, मेले!"

तिने मला धरून खुर्चीत टेकवलं. तिला साधी धापसुद्धा लागली नव्हती. म्हणाली,

"आजी, तू बस इथे, मांजर बघ. मी साखर तपासते आणि खो-खोला जाते."