दारातली बाई

“हा मी नव्हेच,” असं ठणकावून सांगणारं गिऱ्हाईक लग्नसराईत रोज एक तरी यायचं. कोट त्याचा, मुंडावळ्या त्याच्या, शेजारी बसलेली बायको त्याची, पण चेहरा म्हणे दुसऱ्याच कुणाचा. मी स्टुडिओच्या आतल्या खोलीत रिटचिंगच्या टेबलाशी बसलेली असायचे आणि मधला पडदा काही आवाज अडवायचा नाही. हातातली पेन्सिल खाली ठेवून मी मनातल्या मनात म्हणायचे, बाबा रे, तू नव्हेस तर ठेवून जा, ज्याचा असेल तो येऊन नेईल.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. रंगीत फोटो धुवायला मुंबईला पाठवावे लागत, म्हणून रत्नागिरीतली आणि आसपासच्या गावांतली बहुतेक लग्नं अजून काळ्या-पांढऱ्यातच होत होती. मी ड्रॉइंगच्या दोन परीक्षा दिलेली, घरी बसून कंटाळलेली मुलगी. स्टुडिओच्या मालकांना बारीक हाताचं माणूस हवं होतं. त्यांनी माझ्याकडून एका कागदावर तांदळाच्या दाण्याएवढी वर्तुळं काढून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले.

टेबल तिरपं, मधोमध काच, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून निगेटिव्हमधून वर यायचा आणि त्यावर मी टोकदार पेन्सिलीने ठिपके देत बसायचे. निगेटिव्हचा कारभार सगळा उलटा. तिथे काळं केलं की फोटोत पांढरं होतं, आणि तिथे ब्लेडने खरवडलं की फोटोत काळं. त्यामुळे अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्यामुली मी काळं फासून गोऱ्या केल्या आहेत. कारण गिऱ्हाइकाची पहिली मागणी ठरलेली असायची, “गोरी करा.” केली की म्हणायचे, अजून जरा. अजून केली की नाक-डोळे दिसेनासे व्हायचे आणि मग तेच म्हणायचे, ही भाकरीच्या पिठात पडल्यासारखी काय दिसते! अशा वेळी माझं डोकं असं फिरायचं की मालक मला चहा सांगायचे आणि पडदा नीट ओढून घ्यायचे.

मिटलेले डोळे उघडायचं कामही माझंच. फ्लॅशचा लखलखाट झाला की गावाकडची म्हातारी माणसं डोळे घट्ट मिटायची, आणि मग त्या पापण्यांवर मी ब्रशने बुबुळं काढायचे. एका सासऱ्याला मी असे डोळे दिले की तो सबंध अल्बमभर चोर पकडल्यासारखा बघत होता. पूर्णगडच्या एका कुटुंबाने आखातात नोकरीला असलेल्या भावाचा पासपोर्टचा फोटो आणला आणि याला मांडवात उभा करा म्हणाले. वाऱ्याने सगळ्यांचे केस उडालेले, आणि हा मध्येच टाय लावून, कान दाखवत ताठ उभा. वर विचारतात, ताई, याला जरा हसवता येईल का? मी म्हटलं, सुट्टीवर आला की तुम्हीच हसवा.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे कुंकू. लालभडक कुंकू काळ्या-पांढऱ्या फोटोत पार फिकं पडतं, सावळ्या कपाळावर तर दिसतच नाही. नवरीचं कपाळ मोकळं आलं म्हणून एका सासूने आमच्या काउंटरवर असा गोंधळ घातला होता की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. तेव्हापासून मालकांनी नियमच केला. फोटो छापून, वाळून, सपाट होऊन आले की संध्याकाळी ते स्वतः चष्मा नाकावर घेऊन बसायचे, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवायचे आणि फोटोतल्या एकूण एक बाईच्या कपाळावर गोल टिकला द्यायचे. करवली, मावशी, आत्या, मागच्या रांगेतली शेजारीण, कुणी सुटायचं नाही. गप्पा मारता मारता त्यांचा हात आपोआप चालायचा. मी म्हणायचे, मालकांचं हळदीकुंकू सुरू झालं, आता वाण काय देताय बोला. ते हसायचे आणि पुढचा फोटो ओढायचे.

एका उन्हाळ्यात संगमेश्वरकडच्या एका गावातलं लग्न आलं. आधी लहान छापलेले फोटो घरी न्यायचे, हवे ते निवडून आणायचे, मग मोठे करायचे, अशी आमची पद्धत होती. निवडलेले फोटो घेऊन नवऱ्यामुलाचा चुलता आला. टोपी काढून काउंटरवर ठेवणारा, हळू आवाजात बोलणारा शेतकरी माणूस. मुलाचा बाप कधीच गेलेला, तेव्हा लग्नातलं सगळं यानेच उभं केलेलं. त्याने एक फोटो माझ्यापुढे सरकवला. मांडवात अंतरपाट नुकताच दूर झालेला, अक्षता उडतायत, आणि मागे घराच्या दाराच्या अंधारात कुणी बाई अर्धी आड उभी. तिचा चेहरा आणि चौकटीवरचा एक हात, एवढंच दिसत होतं.

“ताई, येवढं येक करा,” तो म्हणाला. “ही दारातली बाई काडून टाका.”

मागे डोकावणारी माणसं पुसायचं काम नेहमीचंच. पाहुणे, कुत्री, दोरीवर वाळत घातलेल्या लुंग्या, सगळं मी पुसलेलं. मी फोटोवर फुली मारायला पेन्सिल उचलली, तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, “माजी वैनी हाय. नवऱ्याची आयस. तिनंच सांगितलान. म्हनाली, बघायला उभी रायलू ती फोटूत कशी आलू कळलं नाय. शुभकार्याचा फोटू, त्यात माजी सावली नको. सून नवी हाय, तिला काय बाधाय नको.”

मी फुली मारली. माझ्या स्वतःच्या विधवा मावशीला घरच्या मुंजीत मागच्या पडवीत बसलेली मी पाहिली होती. तेव्हाही राग आला होता आणि तेव्हाही मी गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवरामुलगा हजर. मुंबईत नोकरी, रजा संपलेली, बायकोला गावी ठेवून तो संध्याकाळच्या गाडीने परत निघालेला. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि एकदम मला म्हणाला, “काका काल येऊन गेला ना? ताई, ती काडू नका. माजी आयस हाय ती. आख्ख्या लग्नात त्या येकाच फोटूत आलेय.”

मग तो भरभर बोलत राहिला. घराच्या ओटीवर सगळ्यांचे फोटो टांगलेले आहेत. आजा, बाप, काका-काकी, शाळेतला तो स्वतः. आईचा एकही नाही. लग्नात तिला किती विनवलं, ती घरातून बाहेर आली नाही. वरमाईचा मान काकीने घेतला. “तिला फुडं आना. आमच्या बरोबर उभी करा. मोटा फोटू करा, ओटीवर लावायचा. आनि काकाला काय सांगू नका, तो तिचं आयकतो.” एवढं म्हणून तो बाहेर गेला आणि उगाच रस्त्याकडे बघत उभा राहिला.

आता करायचं काय? चुलता म्हणतो काढा, मुलगा म्हणतो पुढे आणा, आणि जिची गोष्ट तिचं म्हणणं पुसून टाका. मी मालकांपुढे कैफियत मांडली. त्यांनी दारातला फोटो आणि घरच्या सगळ्यांचा एकत्र काढलेला फोटो शेजारी ठेवले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “दारातली काढा म्हणतायत ना? काढ. मांडवात उभी करू नका असं कुणी म्हणालंय का?” मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की दुपारचा चहा मी माझ्याकडून सांगितला.

तशी मी कामाला लागले. दारातल्या निगेटिव्हवरून आधी फक्त तिचा चेहरा मोठा छापून घेतला. तो आला दाणेदार आणि अस्पष्ट, म्हणून मी भिंग धरलं. बाई हसत होती. ओठ मिटून, स्वतःशीच, पोराकडे बघत. आपल्याला कुणी पाहत नाही असं वाटणाऱ्या माणसाचं ते हसू होतं. रोज पन्नास माणसं कॅमेऱ्यापुढे दात काढून हसताना मी बघायचे, त्यात असं एकही नसायचं.

मग तो घरच्या सगळ्यांचा फोटो घेतला. पुढे खुर्च्यांवर नवरा-नवरी, मागे काका-काकी. त्या दोघांच्या मधे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. आईचा चेहरा आणि खांदे ब्लेडने कापले, कडा मागून घासून कागदासारख्या पातळ केल्या, त्या जागेत चिकटवलं. काकाचं कोपर आड येत होतं, ते मी खुशाल उडवलं. सांधे ब्रशने मिटवून त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढला आणि नव्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. बाकी सगळे ताठ मानेने कॅमेऱ्याकडे बघतायत आणि ही एकटी खाली पोराकडे आणि सुनेकडे बघून हसतेय, असा तो फोटो झाला. शेवटी दारातल्या निगेटिव्हवर ब्लेड फिरवून तिची जागा अंधाराने भरून टाकली. माझ्या कामावर मी सहसा खूश नसायचे. त्या दिवशी मात्र घरी जाताना गुणगुणत होते.

चुलता येऊन अल्बम आणि मोठ्या फोटोचं बांधलेलं पाकीट घेऊन गेला. आठवड्याभरात तो परत आला, तेव्हा त्याचा हळू आवाज पार चढलेला होता.

“ह्ये काय करून ठेवलंत तुमी? काय ह्ये?”

मी पडदा सारून बाहेर आले. त्याच्या मागे एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, दंडापर्यंत उन्हाने करपलेले हात. मी तिला लगेच ओळखलं. तो चेहरा मी कित्येक तास भिंगाखाली बघितला होता. चुलत्याने फोटो काउंटरवर उघडला. मला वाटलं, वहिनीला मांडवात उभी केली म्हणून हा भडकलाय. पण त्याचं बोट तिच्या कपाळावर होतं.

कपाळावर काळाभोर, गोल, ठसठशीत टिकला होता. काकीला तसाच, नवरीला तसाच, आणि मधे तिलाही. मालकांचा हात चालता चालता चालून गेला होता.

मालकांनी फोटो दाराच्या उजेडात नेला. मुलाने एवढ्या विश्वासाने काम दिलं, आणि आम्ही त्याच्या आईला हे असं दाखवलं! मी धावत आत गेले आणि ओला कापूस घेऊन आले. रंग वरवरचा होता, एका हाताने निघाला असता.

“थांबा,” मी म्हटलं, “आत्ता पुसते.”

बोलले आणि जीभ चावली. कापूस हातातच राहिला. ती बाई पुढे आली आणि तिने माझं मनगट धरलं.

“नको गो बाय,” ती म्हणाली. “येकदा पुसून झालंय.”

चुलता अडखळत म्हणाला, “वैनी, पन ओटीवर कसा लावायचा ह्यो? लोकं काय म्हनतील?”

“लोकांसाठी दुसरा करून देतील ना ती. बिनकुकवाचा. तो लाव ओटीवर, पोराचा हट्ट हाय.” तिने फोटो मालकांच्या हातातून अलगद काढून घेतला. “ह्यो माजा.”

मालक हात जोडून म्हणाले, “आई, माफ करा. माझ्या लक्षातच आलं नाही हो.”

ती हसली. फोटोत होतं तेच हसू, ओठ मिटून.

“गावात मी कोन ती येक दीस कोन इसरत नाय,” ती म्हणाली. “तुमी इसरलात. बरं वाटलं मना.”

ओटीसाठी मी दुसरा फोटो छापायला घेतला, तो वाळेपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली. गाडीची वेळ झाली तेव्हा चुलत्याने तो नवा फोटो काखेत मारला आणि दुसराही धरायला हात पुढे केला. तिने आपला फोटो पदराखाली घेतला होता. तो तिने त्याच्याकडे दिला नाही.