घरातलं पाचवं माणूस

मला गोष्ट सांगायला बसवलं की समोरच्याचा चहा गार होतो, हे आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. कुत्र्याची गोष्ट असली तर मी भुंकूनही दाखवते. ही गोष्ट मात्र बरेच दिवस मी गिळून बसले होते. कारण यातलं भूत मी स्वतः घातलं होतं.

माझी भाची पूर्णेला असते, वडील रेल्वेत. बारावीच्या वर्षी तिनं जाहीर केलं की तिला सरकारला सल्ला देणाऱ्या लोकांत जायचंय. योजना कशा असाव्यात, कुठं असाव्यात, हे लिहिणाऱ्यांत. त्यासाठी कोणती पदवी घ्यायची, यावर घरात महिनाभर रण पेटलं. प्रवेश परीक्षेच्या अर्जात तीन विषय पसंतीनं लावायचे होते आणि दोनच दिवसांनी संध्याकाळी पाचला अर्ज बंद होणार होता. तिची यादी अशी: पहिलं समाजकार्य, दुसरं अर्थशास्त्र, तिसरं संख्याशास्त्र, तेही जागा रिकामी दिसू नये म्हणून.

पहिल्या नंबराला जबाबदार मी. मी वीस वर्षं सर्वेक्षणाची कामं करते, आता पर्यवेक्षक म्हणून. मोठ्या शहरातल्या सल्लागार कंपन्या सरकारला जाडजूड अहवाल देतात, त्यातले आकडे आमच्यासारख्या बाया दारोदार फिरून गोळा करतात. माझे किस्से ऐकून पोरगी वाढली. "मावशी, तुझ्यासारखं लोकांत बसून समजून घ्यायचंय मला," असं ती म्हणायची आणि मी पदर सावरून मोठेपणा घ्यायची.

"तर मग चल," म्हटलं, "उद्या एक दिवस माझ्यासोबत. मग भर अर्ज."

पालमच्या पुढं एसटीतून उतरून आम्ही चालत एका वस्तीवर गेलो. वस्तीचं नाव ओळखीचं वाटलं, पण मी इतक्या वस्त्या पाहिल्यात की सगळीच नावं ओळखीची वाटतात. संक्रांत होऊन गेलेली. ज्वारी हुरड्यात आलेली. भर दुपार, लख्ख ऊन, आणि वस्तीत चिटपाखरू नाही. एकामागून एक घरांना कुलपं. कुलपांवर धूळ बसू नये म्हणून फडकी गुंडाळलेली. शाळेलाही कुलूप, आणि वार बुधवार.

पहिल्या उघड्या घरापुढं एक बाई तूर पाखडत होती. भाचीनं टॅब सरसावला. "काकू, आमी सर्वेला आलोय—"

बाईनं मान वर केली नाही. "पाच माणसं. इहिरीचं पाणी. दोघं शिकलेले." मग एक लांब श्वास. "बाहेरगावी कामाला कोणी जात न्हाई."

भाचीनं अजून पहिला प्रश्नही उघडला नव्हता.

पुढच्या घरी एक म्हातारा उन्हाला पाठ देऊन बसला होता. त्याला काही विचारलंच नाही. आमची सावली त्याच्या पायावर पडली आणि तो सुरू झाला. "पाच माणसं. इहिरीचं पाणी. दोघं शिकलेले." श्वास. "बाहेरगावी कामाला कोणी जात न्हाई."

तिसऱ्या घरी तेच. तोच क्रम, श्वासही त्याच जागी.

"मावशी," भाची माझ्या दंडाला चिकटून कुजबुजली, "मी इचारायच्या आधीच सांगायलेत की गं हे लोक."

"तुझी कीर्ती पोचली आसंल," मी म्हटलं. थट्टा केली खरी, पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते. कारण तो श्वास मला ओळखीचा वाटायला लागला होता. तसा श्वास कोण घेतं, तेवढं आठवत नव्हतं.

चौथं घर एका आजीचं. एकटीच. चूल विझलेली, भिंतीला टेकून एक पोतं अंथरलेलं. भाची त्यावर बसायला गेली.

"तिथं नको बसू माय," आजी म्हणाली, "इकडं ये."

आणि मग तेच. पाच माणसं, विहीर, दोघं शिकलेले, कोणी जात नाही.

माझ्या भाचीला कागदावर नसलेले प्रश्न विचारायची खोड आहे. "आजी, पोरं कुठायत गावातली? शाळा बंद हाय."

"मायबापासंगं उसाला गेली की."

"आन आत्ता म्हणलीस, कोणी जात न्हाई?"

"ते कागदाचं हाय. तू कागदाचं इचारायलीस."

"बरं, पाच माणसं कोण कोण?"

आजीनं हात वर करून करंगळीपासून मोजलं. "म्या. मालक, ते वारले. ल्योक, सून. ते उसाला." अंगठ्यापाशी ती थांबली. मग तिनं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं, आणि अंगठा माझ्यावर रोखला.

"पाचवं कोण, ते हिला ठावं. हिनंच लिवलंय."

घरात माशी घोंगावत होती, तीही बसली.

"येतंय का कधी ते?" भाचीनं विचारलं. तिचा आवाज लहान झाला होता.

"हायेच की घरात," आजी साधेपणानं म्हणाली. "कागदावर हाय म्हंजे हाय. एखांदी भाकर जादा करते म्या. तिथं ठिवते." तिनं पोत्याकडं बोट केलं. "सकाळी नसते."

मी पोत्याकडं बघितलं नाही. आजही सांगते, नाही बघितलं.

बाहेर आल्यावर भाचीनं फक्त भुवई उडवली आणि मी शाळेच्या ओट्यावर बसून सगळं ओकले. हाच ओटा. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच संक्रांतीचा सुमार, अशीच कुलपं. मला दिवसात वीस घरं भरायची होती. मी इथं बसून वीसच्या वीस मनानं भरली. पाच हा आकडा मला आवडायचा. मग जी चार-दोन माणसं मागं राहिली होती, त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. "तपासायला साहेब येतील, हेच सांगा, न्हाईतर योजनेच्या यादीतून नाव जाईल." तो मधला श्वास माझा होता. खोटं बोलायच्या आधी मी तसा घेते.

तेव्हापासून किती जण आले, किती सर्वे झाले, आणि वस्ती भीतीनं माझंच म्हणणं म्हणत राहिली. कोणी जात नाही, म्हणजे मागं राहणाऱ्या पोरांसाठी वसतिगृहाची गरज नाही. पोरं उसाच्या फडात.

भाचीनं टॅबवर आजीचं घर उघडलं. मागच्या वेळचा आकडा दिसत होता: पाच. तिनं तो खोडून तीन केला. ताबडतोब एक चौकट उघडली: बदलाचं कारण लिहा. पर्यवेक्षकाची सही.

तिनं टॅब माझ्या मांडीवर ठेवला. "लिही. पर्यवेक्षक तू हायेस."

दोन-दोन तास बोलणारी मी, सहा शब्दांना अर्धा तास लावला. "आधीची माहिती मी खोटी भरली होती." मग खाली सही.

ते काम माझ्या हातून गेलं, ते वेगळं. दुसऱ्या दिवशी चार वाजता भाची पूर्णेच्या घरात मोबाईल घेऊन बसली. मला वाटलं, समाजकार्य आता खाली जाणार, मावशीची अब्रू गेलीच आहे. मी खांद्यावरून डोकावले. संख्याशास्त्र पहिलं.

"आगं, ते तर तू जागा भरायला ठेवलं होतंस!"

"वीस घरं," ती म्हणाली, "वीस घरांत पाच-पाच माणसं, सगळीकडं दोघंच शिकलेले. मोठमोठ्या हापिसात एवढी शिकलेली माणसं, आन ते आकडे बघून कोणालाच शंका आली न्हाई? मला आली आसती, पण बघायचं कसं ते येत न्हाई. ते शिकायचंय."

"म्हंजे माझ्यासारख्यांना पकडणार?"

"पयलं तुलाच."

मी हसले, टाळ्या वाजवल्या. तिनं बटण दाबलं. तेवढ्यात माझी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "भाकऱ्या किती करू गं?"

मी घरातली माणसं मोजली: भाची, बहीण, मेहुणे, मी. मग पुन्हा एकदा, बोटं धरून, आणि अंगठ्यापाशी थांबले.