ड्रमच्या तळाचं पाणी

"फॅल्सिपेरम आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मलेरियाचा घातक प्रकार, मेंदूपर्यंत जाणारा. मला तापातही हसू आलं. दोन वर्षं मी याच आजाराच्या औषधावर पोट भरत होते.

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात यीस्ट वाढवतात. ब्रेड फुगवणारंच, पण त्यात दवण्याच्या कुळातल्या एका झुडपाची जनुकं बसवलेली. झुडूप शेतात महिनोन्महिने पाणी पिऊन जे करतं, त्याचा कच्चा माल हे यीस्ट टाकीत काही दिवसांत करतं. पुढं त्याचं औषध होतं. टाक्या सांभाळणं माझं काम.

शिरेतून आर्टेसुनेट सुरू झालं. हे तेच औषध. आमच्याच टाकीतलं होतं का, कोण सांगणार?

मग मी टाकीतच होते. कोमट, फेसाळ. बुडबुडे कानाशी काहीतरी सांगत वर जात होते. दवण्याचा वास येत होता. खूप लांबून सासूबाई हाका मारत होत्या, पण मला ओ द्यायचा कंटाळा आला होता. इतकं छान वाटत होतं की आता आठवलं तरी भीती वाटते.

"उद्यापर्यंत शुद्धीवर यायला हव्यात," असं डॉक्टर नवऱ्याला म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे उघडले. सासूबाई रडून घेऊन म्हणाल्या, "लई झोपलीस गं."

"घरी पाणी साठवता?" डॉक्टरांनी विचारलं. दुष्काळ, त्यात आमची नवी वसाहत. नळ नाही, टँकर आठवड्यानं. सगळेच साठवतात.

"ड्रम शेवटचा रिकामा कधी केलात? हे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात."

कारखान्यात प्रत्येक बॅचआधी टाकी धुऊन वाफ देते. जुन्यावर नवं ओतलं तर नोकरी जाईल. घरी दोन उन्हाळे तेच करत होते. वर ढिलं फडकं. तळाचं पाणी ओतून द्यायला जीवच होत नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्हीही असंच करत असाल. ताप आला तर अंगावर काढू नका, रक्त तपासून घ्या.

घरी आले. सासूबाई दौलताबादच्या. तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं झाडांना घालणाऱ्या. त्यांनी पदर खोचला आणि ड्रम आडवा केला. अंगणभर पाणी चकाकत पसरलं.

"आई, अहो, टँकर परवा येणार!"

"येऊ दे. पाणी टँकरनं येतंय. सून नाय येत टँकरनं."