चार बॅटऱ्या सरीत

पुण्याहून बेंगळुरूला नोकरीला आलो त्याच आठवड्यात इंदिरानगरच्या ऑफिसात टेलिफोनच्या बॅकअप बॅटऱ्या जोडायच्या होत्या. शिकवायला होते अण्णा, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला, अशा चार बॅटऱ्या त्यांनी हात धरून उभ्या राहिलेल्या मुलींसारख्या ओळीनं जोडल्या. प्रत्येक नट आवळला की पुटपुटायचे, "सरी." खिडकीबाहेरच्या झाडाची सावली त्यांच्या हातांवर हलत होती. मला वाटलं, सिरीजला इथं सरी म्हणतात. काय सुरेख मराठी! मग कित्येक महिने मी अक्कल पाजळत फिरलो, "बॅटऱ्या सरीत जोडा."

शेवटी अण्णांनी ऐकलं आणि पोट धरून हसले. "अरे, सरी म्हणजे ठीक. कन्नड शब्द की तो!"

स्वतःचा असा संताप आला!

परवा दुपारी वीज गेली. पंखे थांबले, दिवे विझले आणि त्या शांततेत टेबलावरचा फोन वाजला. निवृत्त झालेले अण्णा घरून बोलत होते.

"करंट गेला काय रे तिकडं पण? बॅटऱ्या कशा आहेत?"

"चारी अजून सरीत आहेत, अण्णा."

पलीकडून हळूच आवाज आला, "सरी."