पिल्लाआधी घर बघणारे अण्णा

कुत्र्याचं पहिलं पिल्लू मी संकेश्वरजवळ हायवेवर घेतलं. तेव्हा माझी अक्कल चरायला गेली होती! विकणाऱ्यानं ते गाडीच्या डिकीतून काढलं. "याची आई कुठाय?" विचारलं तर "लई लांब हाय, मॅडम," म्हणाला, आणि मला ते पटलं. आठव्या दिवशी रक्ताची हगवण लागून ते माझ्या वडिलांच्या मांडीवरच गेलं. माझी आई गेल्यापासून आप्पा आधीच मुके झाले होते. "आता या घरात कुत्रं न्हाय," म्हणाले, आणि पुन्हा दिवसभर भिंतीकडं बघत बसायला लागले. मी बेळगावात शाळेत शिकवायचे, जीव मात्र घरी.

मी हट्ट सोडला नाही. निपाणीकडच्या एका जैन शेतकऱ्याचा पत्ता लागला. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी आधी आई दाखवली, गोठ्याशेजारी ऐसपैस पसरलेली, पिल्लं अंगाला लुचलेली. मी एक उचलणार तोच म्हणाले, "दोन महिन्यांचं होऊ दे, लस होऊ दे. आणि आधी मी तुमचं घर बघणार."

अगं बाई, पोरीचं लग्न ठरवतायत का काय!

तरी तयारी स्थळासारखीच केली. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून पाचलाच कांदा-बटाट्याशिवायचा स्वयंपाक करून ठेवला. दाराशी नवीकोरी साखळी टांगली, आमची तयारी दिसावी म्हणून. आल्या आल्या त्यांची नजर तिच्यावरच गेली.

"ही कुणासाठी?"

"दिवसा मी शाळेत असते ना, म्हणून..."

"मग न्हाय जमायचं, आक्का. बांधून ठेवायला मी पिल्लू देत न्हाय." वाढलेलं ताट तसंच ठेवून ते चपला घालायला लागले.

माझं डोकं सणकलं. चार शब्द सुनावणार तेवढ्यात आप्पा आतून आले. साखळी काढली, भंगाराच्या पोत्यात टाकली.

"बांधायचं कशाला? दिवसभर मी हाय न्हवं!"

अण्णांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि चपला काढल्या. "बसतो ताटावर आक्का, दिवस मावळाय लागलाय."

मी जिंकले! स्वयंपाकघरात जाऊन मी रडून घेतलं.

पिल्लू घरी आलं, तरी अण्णांचा अजून फोन येतो, "जमलं न्हाय तर कुणाला देऊ नका, माझ्याकडं आणा." कसलं आणतेय! रोज सकाळी आमचे मुके आप्पा गल्लीभर ओरडत सुटतात, "थांब गं भवाने, म्हाताऱ्याला पळवतीस व्हय!" आणि पळतात हो, खरंच पळतात.