मंगळवार पेठेतलं सामाईक इंजिन

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या पुण्यातल्या चाळीनं मागच्या मोकळ्या जागेत भाजी लावायचं ठरवलं. विहीर होती, पाणी उपसायला इंजिन नव्हतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बारा घरं मिळून एकाच इंजिनावर भाजी पिकवतात असं कळलं, म्हणून तिथले फिटर बाबूचाचा यांना पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं, ‘सोमवारी माझी पाळी हाय. या, सगळं शिकवतो.’

सोमवारी पहाटेची एसटी धरली. कराडला चहा, कोल्हापुरात उतरल्यावर झणझणीत मिसळ. रुपयात पोट भरलं. स्टँडवर जोतिबाची गाडी उभी दिसली आणि माझी जुनी खोड उफाळली. आलोच आहोत तर देव पाहून घेऊ! डोंगरावर वारा छान होता, मुक्कामच केला. दुसऱ्या दिवशी पन्हाळा. तुम्ही जाणार असाल तर सांगतो, दोन दिवसांत दोन्ही निवांत होतं. चाचा काय, कुठे पळून जाणार आहेत?

बुधवारी सकाळी पेठेत पोचलो तर वांग्यांच्या रोपांनी माना टाकलेल्या. विहिरीपाशी शेजारच्या जैन घरातल्या अक्काताई उभ्या होत्या.

“उशीर केलासा, पावणं. काल दुपारी छातीत कळ आली नि चाचा गेलं की ओ.”

मी इंजिन बंद का, एवढंच विचारलं.

“इंजिन फिरवायचं हँडल त्यांच्या घरात हाय. ज्याची पाळी, त्याच्या हातनंच घ्यायचं, अशी रीत हाय आमची. दुखवट्याच्या घरात मागायचं कुणी?”

तरी आम्ही दोघं दाराशी जाऊन उभे राहिलो. पडद्याआडून चाचींचा आवाज आला, “अक्का, रोपं वाळली न्हवं? घ्या.” हँडल धरलेला हात बाहेर आला. “सोमवारीच फुडं द्यायचं हुतं. पुण्याचं पावणं येणार, त्यास्नी दावतो मग देतो, म्हणून धरून बसलं. काल सकाळी बी वाट बघितली.”

तो पाहुणा मीच, हे मला सांगता आलं नाही. अक्काताईंना ठाऊक होतं. त्या हँडल घेऊन विहिरीकडे निघाल्या.

इंजिन मला त्यांनीच शिकवलं. पाटातून पाणी धावलं, आणि मी तोंड फिरवून रडलो.

जोतिबाला पुन्हा गेलो नाही. चाळीत इंजिन आलं, दोडकी लागली, तीच रीत आम्हीही लावून घेतली. माझी पाळी संपली की हँडल लगेच पुढच्या दारी नेऊन देतो. कुणी पाहुणा यायचा असला, तरी थांबत नाही.